जोडणीचे श्रेय: जुडास प्रीस्ट, त्यांचे सन्मान आणि चाहत्यांचा वाद

जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडला ग्रॅमी पुरस्कार मिळाला २०१० साली, आणि ज्या गाण्यासाठी मिळाला ते होते १९७७ सालचे. ‘डिसिडंट अ‍ॅग्रेसर’ हे गाणे ‘सिन आफ्टर सिन’ या अल्बमवर आले तेव्हा ग्रॅमीत मेटलचा विभागच अस्तित्वात नव्हता. तेहतीस वर्षांनी त्याच गाण्याच्या एका मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाला तो सन्मान लाभला. पुढे ५ नोव्हेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिसमधल्या सोहळ्यात रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने या बँडला आपल्या यादीत घेतले. पण ‘परफॉर्मर’ या मुख्य विभागात नव्हे, तर ‘संगीत उत्कृष्टता’ या वेगळ्या पुरस्काराच्या वाटेने. चाहत्यांपैकी काहींनी उशिरा का होईना म्हणून आनंद मानला, तर काहींना हा मागच्या दाराने दिलेला प्रवेश वाटला. हा वाद वरवर मानापमानाचा दिसतो. माझ्या मते त्याच्या तळाशी अधिक मोलाचा प्रश्न आहे. एखाद्या बँडने एकही गोष्ट सर्वांत आधी केलेली नसेल, पण इतरांनी सुटी सुटी केलेली प्रत्येक गोष्ट अशी एकत्र बसवली असेल की पुढच्या सर्वांना तीच मांडणी मूळची वाटावी, तर त्याचे श्रेय कोणत्या रकान्यात लिहायचे? जुडास प्रीस्टचा वारसा हा अशा जोडणीचा वारसा आहे. सन्मान देणाऱ्या संस्थांना तो नीट ओळखता आला नाही आणि चाहत्यांनाही तो पुष्कळदा चुकीच्या जागी शोधावासा वाटतो, हे या प्रस्तावनेचे मुख्य म्हणणे.

बँडची सुरुवात १९६९ सालची, बर्मिंगहॅमच्या शेजारच्या वेस्ट ब्रॉमविचमधली. नाव घेतले बॉब डिलनच्या एका गाण्यावरून. पहिला गायक अ‍ॅल अ‍ॅटकिन्स. गिटारवादक के. के. डाउनिंग आणि बेसवादक इयन हिल १९७० मध्ये आले, गायक रॉब हॅलफर्ड १९७३ मध्ये आणि दुसरा गिटारवादक ग्लेन टिप्टन १९७४ मध्ये. म्हणजे ज्या चौघांच्या नावाने आज हा बँड ओळखला जातो, त्यांपैकी एकही जण अगदी पहिल्या दिवशी तिथे नव्हता. हा परिसर कोळसा, भट्ट्या आणि लोखंडकामाचा. हॅलफर्ड वाढला तो जवळच्या वॉलसॉलमध्ये. कारखान्यांच्या आवाजातून हे संगीत आपोआप जन्मले असे सांगण्याचा मोह पुष्कळ लेखकांना होतो. पण त्याच आवाजात वाढलेल्या हजारो तरुणांनी असे काही निर्माण केले नाही. परिसराने कच्चा माल आणि एक प्रकारची चिकाटी दिली. घडवण्याचे काम मात्र तालमीच्या खोलीत, विचारपूर्वक आणि सावकाश झाले. ‘रोका रोला’ हा १९७४ चा पहिला अल्बम ऐकला की ते किती सावकाश झाले हे कळते. त्यात अजून ब्लूज आहे, सत्तरच्या दशकातले सैल, लांबलचक रॉक आहे, आणि पुढे येणाऱ्या बँडच्या खुणा जागोजाग विखुरलेल्या आहेत.

या खुणा एकत्र कशा आल्या हे पाहायला १९७६ च्या ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ या अल्बमवरचे ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’ हे एकच गाणे पुरेसे आहे. ते दोन गाण्यांचा सांधा आहे: एक अ‍ॅटकिन्सच्या काळातले ‘व्हिस्की वुमन’, दुसरे हॅलफर्डने आधीच्या बँडमधून आणलेले ‘रेड लाइट लेडी’. गेलेल्या गायकाचे आणि आलेल्या गायकाचे गाणे जोडून जे तयार झाले ते बँडच्या सर्वोत्तम रचनांत गणले जाते. हीच रीत पुढे सगळीकडे दिसते. दोन गिटारांनी मिळून सुरावट वाजवणे विशबोन अ‍ॅश आणि थिन लिझी करत होतेच. प्रीस्टने त्यातला गोडवा कमी करून दोन गिटारांना एका धारदार यंत्राच्या दोन पात्यांसारखे वापरले. उंच पट्टीत किंचाळणारे गायक इयन गिलन आणि रॉबर्ट प्लांट यांच्या रूपाने आधीच होते. हॅलफर्डने ती किंकाळी ब्लूजच्या आर्ततेपासून तोडली आणि तिला थंड, नाट्यमय, जवळजवळ ऑपेरासारखे रूप दिले. जोन बाएझचे ‘डायमंड्स अँड रस्ट’ हे लोकसंगीताच्या धाटणीचे हळवे गाणे आणि फ्लीटवुड मॅकचे ‘द ग्रीन मनालिशी’ या दोन्ही परक्या रचना त्यांनी इतक्या आपल्याशा केल्या की अनेक मेटल श्रोत्यांना त्या प्रीस्टच्याच वाटतात. भाषेचे व्याकरण पक्के झाले आहे का, हे त्या भाषेत परके वाक्य उतरवता येते की नाही यावरून कळते. मेटल हे नुसते जोरात वाजवलेले रॉक राहिले नसून त्याला स्वतःचे नियम आले आहेत, याचा पुरावा या उसन्या गाण्यांत सर्वांत स्पष्ट मिळतो.

१९७८ च्या ‘स्टेन्ड क्लास’मध्ये वेग आणि काटेकोरपणा वाढला, त्याच वर्षीच्या ‘किलिंग मशीन’मध्ये गाणी आखूड झाली, आणि एप्रिल १९८० मध्ये ‘ब्रिटिश स्टील’ आला. तो ध्वनिमुद्रित झाला त्याच हिवाळ्यात ब्रिटनमधले पोलाद कामगार देशव्यापी संपावर होते, आणि अल्बमचे नाव सरकारी पोलाद कंपनीचेच होते. बेकार तरुणाच्या तोंडचे ‘ब्रेकिंग द लॉ’ हे गाणे त्या वातावरणातले आहे. ध्वनिमुद्रण मात्र कारखान्याजवळ कुठे झाले नाही. ते झाले अ‍ॅस्कटजवळच्या टिटनहर्स्ट पार्क या हवेलीत, जिथे पूर्वी जॉन लेनन राहत असे आणि जी तेव्हा रिंगो स्टारच्या मालकीची होती. निर्माता टॉम अ‍ॅलम. हव्या त्या आवाजांसाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या गेल्या, काट्याचमच्यांचा ट्रे हलवला गेला. याच सुमारास काळे चामडे, धातूच्या खिळ्यांचे पट्टे आणि रंगमंचावर येणारी मोटारसायकल ही बँडची ओळख झाली, आणि थोड्याच वर्षांत तो जगभरच्या मेटलचा गणवेश बनला. चामडे त्यांनी शोधले नव्हते, मोटारसायकलही नाही. पण आवाज, शब्द आणि पेहराव हे तिन्ही एकाच वृत्तीचे भाग आहेत असे पाहणाऱ्याला वाटावे, इतकी घट्ट सांगड आधी कोणी घातली नव्हती.

आता संस्थांकडे वळू. त्यांनी हा बँड प्रथम ओळखला तो सन्मानासाठी नव्हे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या पालकांच्या एका दबावगटाने आक्षेपार्ह गाण्यांची जी यादी काढली तीत प्रीस्टचे गाणे होते. १९९० मध्ये नेवाडातल्या रीनो शहरात बँडवर दिवाणी खटला चालला. ‘स्टेन्ड क्लास’मधल्या एका गाण्यात छुपे संदेश आहेत आणि त्यांनी दोन तरुणांना आत्मनाशाकडे ढकलले, असा आरोप होता. न्यायाधीशांनी निकाल बँडच्या बाजूने दिला. ज्या गाण्यावर हे सगळे रचले गेले तेही मूळचे स्पूकी टूथ या बँडचे होते, हे अनेकांना ठाऊक नसते. ग्रॅमीची मेटलशी ओळखही अशीच अडखळत झाली. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, तेव्हा तो मेटलिकाऐवजी बासरीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेथ्रो टलला मिळाला. पुढच्या वर्षी मेटलचा विभाग वेगळा झाला, आणि १९९० च्या ‘पेनकिलर’ अल्बमसाठी प्रीस्टला नामांकनही मिळाले, पण पुरस्कार नाही. या सगळ्यातून संस्थांचा द्वेष सिद्ध होतो असे मला वाटत नाही. सिद्ध होते ते इतकेच की त्यांना हे संगीत आतून ऐकू येत नव्हते. त्यामुळे त्यांची मोजपट्टी एक तर प्रसिद्धीची होती, नाही तर भीतीची.

हॉल ऑफ फेमचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणाला पंचवीस वर्षे झाली की कलावंत पात्र ठरतो. म्हणजे प्रीस्ट १९९९ च्या आसपासच पात्र होते. ब्लॅक सॅबथ २००६ मध्ये आत गेले, मेटलिका २००९ मध्ये. प्रीस्टचे नाव २०१८ आणि २०२० च्या यादीसाठी पुढे आले आणि दोन्ही वेळा मागे पडले. २०२२ मध्ये मुख्य विभागात कंट्री गायिका डॉली पार्टन होती, जिने आपण रॉकच्या नाहीच असे सांगून आधी नाव मागे घेण्याचा प्रयत्न केला होता. त्याच वर्षी चार दशके मेटलची व्याख्या करत आलेला बँड मात्र ‘संगीत उत्कृष्टता’च्या रकान्यात गेला. या रकान्याचा पूर्वेतिहास चाहत्यांना खुपतो, आणि तो खुपण्यासारखाच आहे: २०१० पर्यंत तो साथीदार वादकांसाठी राखलेला विभाग होता. ज्यांच्या पुढे इतर उभे राहिले त्यांना साथीदारांच्या बाकावर बसवले, ही तक्रार म्हणूनच पोकळ नाही. पण त्या पुरस्काराची आजची व्याख्या पाहा. ज्यांच्या स्वतंत्र प्रतिभेचा आणि प्रभावाचा संगीतावर मोठा परिणाम झाला, अशा कलावंतांसाठी आणि निर्मात्यांसाठी तो आहे. हे वर्णन प्रीस्टला मुख्य विभागाच्या वर्णनापेक्षा अधिक चपखल बसते. दार चुकीचे होते, दारावरची पाटी बरोबर होती. चाहत्यांचा राग दाराबद्दल असेल तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पण पाटीवरचा मजकूरच नाकारायचा असेल तर ते आपल्या बँडचे खरे मोठेपण नाकारत आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो सॅबथच्या चाहत्यांकडून. १९७० मध्ये आलेल्या सॅबथच्या पहिल्या अल्बमनेच मेटलला जन्म दिला. प्रीस्टने फार तर त्याला पॉलिश केले, असे ते म्हणतात. कालक्रम त्यांच्या बाजूचा आहे, आणि तो कोणी नाकारू नये. सॅबथच्या टोनी आयोमीच्या जड, संथ, काळवंडलेल्या गिटारीशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते. पण जन्म आणि घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॅबथच्या संगीतात ब्लूज आणि जॅझचे पाय शेवटपर्यंत रुतलेले होते, आणि त्या मंडळींनी ‘हेवी मेटल’ हा शिक्का फारशा उत्साहाने कधी मिरवला नाही. प्रीस्टने तो अभिमानाने छातीवर लावला आणि त्याला साजेसे सगळे उभे केले. ख्यालगायकीतला श्रोता हा फरक चटकन ओळखेल. घराणे कोणाच्या कल्पनेतून निघाले आणि कोणाच्या गळ्यात त्याला ओळखता येण्याजोगी गायकी लाभली, हे प्रश्न तिथेही वेगळे धरले जातात. भीमसेन जोशींनी इतर घराण्यांतले पुष्कळ काही उचलले; म्हणून कोणी त्यांना किराण्याबाहेर काढत नाही, उलट ती पचवण्याची ताकद हीच त्यांची थोरवी मानली जाते. सॅबथने मेटलला अस्तित्व दिले, प्रीस्टने त्याला चेहरा दिला. या दोन विधानांत भांडण नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. प्रभाव हे रबरासारखे माप आहे, हवे तितके ताणता येते. मग कोणत्याही आवडत्या बँडला थोर ठरवता येईल. हा धोका खराच आहे, म्हणून प्रभावाचा दावा हाताने तपासता येईल अशा खुणांवर उभा करावा. प्रीस्टच्या बाबतीत त्या मुबलक आहेत. ज्या गाण्याला २०१० मध्ये ग्रॅमी मिळाला ते गाणे स्लेअरने १९८८ मध्येच ‘साउथ ऑफ हेवन’वर वाजवले होते, म्हणजे सर्वांत आक्रमक मेटलने त्याचे मोल संस्थेपेक्षा बावीस वर्षे आधी ओळखले. अमेरिकेतल्या डेथ या बँडने १९९८ मध्ये ‘पेनकिलर’ आपल्या अल्बमवर घेतले. कॅनडातल्या एक्सायटर आणि जर्मनीतल्या रनिंग वाइल्ड या बँडांनी तर आपली नावेच प्रीस्टच्या गाण्यांवरून ठेवली. आयर्न मेडन १९८० मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यात प्रीस्टच्या आधी वाजवत होते. ही ठिकाणे, वर्षे आणि शैली एकमेकांपासून दूरच्या आहेत, आणि तरी सगळ्यांना एकाच उगमाची गरज पडली. विक्रीचे आकडे एका पिढीने काय विकत घेतले ते सांगतात. पुढच्या पिढीने काय वापरात आणले, हे या खुणा सांगतात.

तिसरा आक्षेप बँडच्या स्वतःच्या कारकिर्दीतून येतो. १९८६ च्या ‘टर्बो’मध्ये त्यांनी गिटार सिंथेसायझर वापरले, केस आणि कपडे काळाप्रमाणे बदलले, आणि अमेरिकेतल्या रेडिओला रुचेल असे गुळगुळीत मेटल केले. तो खपला, पण जुने चाहते आजही त्याचे नाव काढले की दोन गटांत विभागतात. इतरांकडून घेऊन जोडणाऱ्या बँडने बाजाराकडूनही घेतले, तर ती जोडणी की लाचारी? माझे उत्तर असे की जोडणी ही पद्धत आहे, यशाची हमी नव्हे. ‘टर्बो’मध्ये घेतलेले घटक प्रीस्टच्या व्याकरणात पूर्ण विरघळले नाहीत, काही ठिकाणी ते नुसते वरून लावलेले राहिले. पण चारच वर्षांनी ‘पेनकिलर’ आला. ऐंशीच्या दशकातले थ्रॅश बँड प्रीस्टकडून शिकून पुढे गेले होते. आता प्रीस्टने त्यांच्याकडून वेग आणि कठोरपणा परत घेतला, आणि स्कॉट ट्रॅव्हिस या नव्या अमेरिकन ड्रमरच्या हातून तो पक्का केला. आपल्याच शिष्यांकडून शिकण्याची तयारी नसती तर हा अल्बम झाला नसता. ज्या वृत्तीने १९८६ मध्ये घोटाळा केला तिनेच १९९० मध्ये बँडला वाचवले. चाहत्यांना यातले एकच साल निवडायचे असेल तर निवडू दे. इतिहासाला दोन्ही हवीत.

सभासदत्वाच्या वादालाही हेच सूत्र लागू पडते. हॅलफर्ड १९९२ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी १९९६ मध्ये आलेला टिम ‘रिपर’ ओवेन्स हा प्रीस्टचीच गाणी सादर करणाऱ्या एका बँडमध्ये गाणारा चाहता होता. त्याच्यासह दोन अल्बम झाले आणि २००३ मध्ये हॅलफर्ड परतला. २०११ मध्ये डाउनिंग गेला, रिची फॉकनर आला. २०१८ मध्ये टिप्टनने पार्किन्सन आजारामुळे दौऱ्यांतून माघार घेतली. मग उरले ते खरे प्रीस्ट का, असा प्रश्न सतत विचारला जातो. जानेवारी २०२२ मध्ये बँडने एकाच गिटारवर, चौघांनी दौरा करायचे जाहीर केले तेव्हा चाहत्यांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. या प्रसंगात चाहत्यांनी अमुक माणूस हवा असा आग्रह धरला नव्हता. दोन गिटारांची रचना हवी असा धरला होता. वारसा कशात आहे हे त्यांना नेमके कळले होते. हॉल ऑफ फेमची यादी मात्र माणसे मोजते. हॅलफर्ड, डाउनिंग, टिप्टन, हिल, ट्रॅव्हिस, लेस बिंक्स आणि डेव्ह हॉलंड ही सात नावे तीत आली. अ‍ॅटकिन्स, ओवेन्स, फॉकनर आणि ‘सिन आफ्टर सिन’वर ड्रम वाजवणारा सायमन फिलिप्स तीत नाहीत. यादीला कुठे तरी थांबावे लागते हे मान्य. पण ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’चा अर्धा भाग ज्याच्याकडून आला तो बाहेर राहतो, तेव्हा यादीची मर्यादा उघडी पडते.

मग कोणी म्हणेल, वारसा वापरात असतो असे मानले तर सन्मानांची फिकीर कशाला? मला हे वैराग्य पटत नाही. संस्था इतिहास लिहितात. संग्रहालये, अभ्यासक्रम आणि माहितीपट त्यांच्या यादीवरून तयार होतात. मंचावरची काही मिनिटेही वाया जात नाहीत. अ‍ॅलिस कूपरने बँडचा परिचय करून दिला. डाउनिंगने एका तपापेक्षा अधिक काळाने जुन्या साथीदारांबरोबर वाजवले. आणि १९९८ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगणाऱ्या हॅलफर्डने, लैंगिक ओळख, वर्ण किंवा श्रद्धा कोणतीही असो, मेटलमध्ये सर्वांना जागा आहे असे त्या मंचावरून सांगितले. पुरुषी रगेलपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा सर्वमान्य चेहरा हे म्हणतो आणि त्याचे श्रोते त्याला ‘मेटल गॉड’ म्हणतच राहतात, हेही वारशाच्या खात्यात जमा करायला हवे. सन्मानांनी वारसा निर्माण होत नाही, पण तो दिसू लागतो. म्हणूनच सन्मान कोणत्या नावाने दिला जातो याबद्दल भांडणे व्यर्थ नाही. फक्त भांडणाचा मुद्दा दर्जाचा असण्यापेक्षा वर्णनाच्या अचूकतेचा असावा.

मराठी वाचकाला या विषयात शिरताना एक सोय आहे. मेटलच्या विश्वातले गटतट, निष्ठा आणि जुने हिशेब त्याच्या अंगावर नाहीत. त्यामुळे तो आधी ऐकू शकतो आणि मग बाजू घेऊ शकतो. ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’, ‘स्टेन्ड क्लास’, ‘ब्रिटिश स्टील’ आणि ‘पेनकिलर’ हे चार अल्बम याच क्रमाने ऐकावेत, आणि मध्ये ‘टर्बो’ मुद्दाम ठेवावा. मग २०१८ चा ‘फायरपॉवर’ आणि २०२४ चा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ऐकावा, म्हणजे पन्नास वर्षांनंतरही जोडणीचे काम थांबलेले नाही हे कळेल. त्यानंतर ज्याला सॅबथ थोर वाटेल त्याने तसे म्हणावे, ज्याला ‘टर्बो’ आवडेल त्याने तो बिनदिक्कत आवडून घ्यावा. अट एवढीच, की प्रीस्टचे माप काढताना ‘हे आधी कोणी केले?’ या प्रश्नावर थांबू नये. ‘हे सगळे एकत्र कोणी आणले, आणि त्यानंतर किती जणांना तिथूनच सुरुवात करावी लागली?’ हाही प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नावर प्रीस्ट जवळजवळ प्रत्येक वेळी हरतात. दुसऱ्यावर त्यांच्या तोडीचे फार थोडे आहेत, आणि कोणत्याही सन्मानपत्रावर त्यांच्याविषयी एकच वाक्य लिहायचे असेल तर ते हे असावे.